वरून येतंय

आमच्या भागात नव्या घराचा ताबा दसऱ्याला किंवा गुढीपाडव्याला मिळतो. घर कळतं मात्र मृग लागल्यावर. दोन्ही मुहूर्त बरोबर कोरड्या दिवसांत पडतात. हा निव्वळ पंचांगाचा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात अजून फ्लॅट घेतलेला नसणार. चाव्या मिळतात, फोटो निघतो, बिल्डरकडून सुक्या मेव्याचा डबा येतो, दाराला तोरण लागतं. वास्तुशांतीला आलेले नातेवाईक बाल्कनीत उभे राहून "हवा छान येते हो" म्हणतात आणि गुलाबजाम खाऊन जातात. मग जून उजाडतो आणि त्याच दिशेने पाणीही छान यायला लागतं.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे, आणि अगदी ठासून आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्यातसुद्धा ताब्यापासून तीन वर्षांत दाखवलेला दोष बिल्डरने शक्य असेल तिथे फुकट दुरुस्त करून द्यावा असं लिहिलेलं होतं. ते वाचायची पद्धत तेवढी नव्हती. मग २०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ ला ऐन महाराष्ट्रदिनी महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, कारभार सुरू झाला, आणि कलम १४ च्या तिसऱ्या पोटकलमाने तिनाची पाच वर्षं केली. दोष इमारतीच्या सांगाड्यातला असो, कामाच्या सफाईतला असो, मालाच्या दर्जातला असो की सोयीसुविधांतला. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या नजरेस आणून दिला की त्याने एक पैसा न घेता तीस दिवसांत तो काढून द्यायचा. नाही दिला तर नुकसानभरपाई.

तीस दिवस! ज्या कल्याणात पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला, ज्या डोंबिवलीत कोपर पूल २०१९ मध्ये बंद होऊन २०२१ च्या गणपतीच्या तोंडावर उघडला, तिथल्या माणसाला बांधकामाच्या बाबतीत तीस दिवस हा आकडा कायद्यातला कमी आणि पंचतंत्रातला जास्त वाटतो. पण आम्ही भाबडे. आम्ही कलम छापून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. भिंतीवर लावता आलं असतं, पण भिंत ओली होती.

खरी मेख तीस दिवसांत नसून त्या पाच वर्षांत आहे. पावसाळ्यात तक्रार केली की उत्तर येतं, "ओल्या भिंतीवर केमिकल धरत नाही, पाऊस उघडू द्या." हे खोटंही नाही. आपण गप्प बसतो. नवरात्र होतं, दिवाळी होते, उन्हं कडक होतात, मग माणूस येतो. भिंतीवरून हात फिरवतो, हात उलटा करून आपल्याला दाखवतो. "कुठे काय आहे सर? एकदम ड्राय आहे." आपण जुलैमधले फोटो दाखवतो. तो म्हणतो, "तेव्हाचं झालं हो. आता पुढच्या पावसात बघू, आलं तर लगेच कळवा." म्हणजे वर्षातले चार महिने दोष असतो पण दुरुस्तीला हवामान नसतं, आणि आठ महिने हवामान असतं पण दोष नसतो. पाच वर्षांची हमी ही हिशेबाला पाच पावसाळ्यांचीच उरते. त्यातला पहिला "बिल्डिंग नवीन आहे, जरा सेटल होऊ द्या" यात जातो आणि शेवटचा "आता सोसायटी झालीय, मेंटेनन्समधून करून घ्या" यात. मधले तीन आपले.

बिल्डरच्या वतीने पहिला येतो तो साइट इंजिनिअर. पंचविशीचा, गळ्यात आयकार्ड, हातात दोन फोन, बुटांना कायमचं सिमेंट. पोरगा वाईट नसतो. जळगाव, लातूर नाहीतर नांदेडकडून आलेला असतो, ठाकुर्लीला चार मित्रांत खोली घेऊन राहतो आणि त्या खोलीचं छतही गळत असतं. त्यामुळे त्याला आपल्याबद्दल खरीखुरी सहानुभूती असते. अधिकार तेवढा नसतो. तो भिंत बोटाने टोकरतो, पोपडा खाली पडतो, तो पायाने हळूच सोफ्याखाली सारतो आणि म्हणतो, "काका, हे नॉर्मल आहे."

भेगा पडल्यात? हेअरलाइन आहेत काका, नॉर्मल. बाथरूमचं दार फुगून बसलंय, आतला माणूस बाहेर येत नाही? पावसात होतं, नॉर्मल. अंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे धावतंय? वायपर मारायचा थोडा, सगळ्यांकडे तसंच आहे. हे "सगळ्यांकडे तसंच आहे" त्याने आम्हाला धीर द्यायला म्हटलं होतं. माझ्या बायकोने ते लिहून घेतलं, तारखेसह.

इंजिनिअरच्या मागे मिस्तरी. हातात थापी, कानावर पेन्सिल, मुकाट्याने खोलीभर फिरून शेवटी एकच निदान: "साब, ये तो ऊपर से आ रहा है." आम्ही वर पाहिलं. वरच्या मजल्यावर गेलो. तिथल्या वहिनींच्या बेडरूममध्येही तोच कोपरा ओला. मिस्तरीने पाहिलं आणि म्हणाला, "ये भी ऊपर से." असे आम्ही मजल्यामजल्याने चढत गच्चीपर्यंत पोचलो. गच्चीच्या वर आभाळ होतं. पाऊस वरून येतो याबद्दल आमच्यापैकी कोणाचंच दुमत नव्हतं. तो आत का येतो एवढंच विचारायचं होतं. पुढे कळलं की या धंद्यात सगळंच वरून येतं. मटेरियल वरून यायचंय. मंजुरी वरून यायचीय. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार वरून लावायचाय. खाली उभे असतो ते आपण आणि आपली बादली.

आत का येतं ते शेवटी सांगितलं आमच्याच इमारतीतल्या काकांनी. काका पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले, म्हणजे गळतीचा उभा जन्म अनुभव. त्यांनी आम्हाला डायनिंग टेबलावर बसवून मेथीच्या ठेपल्याने समजावलं. हल्ली भिंती एएसी ब्लॉकच्या असतात, त्या पांढऱ्या हलक्या विटा. कॉलम आणि बीम काँक्रीटचे. दोघांचं उन्हात फुगणं आणि आकसणं वेगवेगळं, म्हणून जिथे ब्लॉक बीमला भेटतो तिथे बरोबर रेषेत भेग जाते. प्लॅस्टर करण्याआधी त्या सांध्यावर जाळी मारायची असते. जाळीचे पैसे वाचवले की आपल्याला ती सरळ, पट्टीने आखल्यासारखी भेग मिळते. जिथे भिंतीही काँक्रीटच्याच ओततात, साइटवर ज्याला मायव्हान म्हणतात, तिथे सांधे नसतात. पण साच्याच्या दोन पत्र्यांना जोडणाऱ्या सळ्या काढल्या की भिंतीला आरपार भोकं राहतात. ती बाहेरच्या बाजूने नीट बुजवायची असतात. बाविसाव्या मजल्यावर पाळण्यात लोंबकळत कोण किती मन लावून भोकं बुजवणार? आणि आपल्याकडचा पाऊस काही सभ्यपणे उभा पडत नाही, तो पश्चिमेकडून आडवा येतो. घोडबंदर रोडच्या टॉवरांत "व्ह्यू"चे जादा पैसे मोजावे लागतात, ते या आडव्या पावसासकट.

बाथरूमचं शास्त्र आणखी खोल, अक्षरशः. संडास-बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यात पाइप बसवतात, वॉटरप्रूफिंग करतात, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर टाइल. टाइल लावण्याआधी तो खड्डा पाण्याने भरून दोन-चार दिवस तसाच ठेवायचा आणि खालून बघायचं, थेंब येतो का. आमच्या बिल्डरकडे या चाचणीचे फोटो आहेत. फोटोत पाणी दिसतं. खालची बाजू दिसत नाही.

याच बाथरूमपायी आमच्याकडे ती ऐतिहासिक रंगचाचणी झाली. इंजिनिअरचे साहेब, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, एकदा स्वतः आले आणि म्हणाले, "आपण सायंटिफिकली जाऊ. वरच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी सोडू, खाली कुठे उतरतं ते बघू." वरच्या वहिनींची परवानगी मिळवणं हाच एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो सोडून देतो. गुलाबी रंग विरघळवलेल्या बादल्या ओतल्या गेल्या. आम्ही, इंजिनिअर, मिस्तरी आणि प्रोजेक्ट मॅनेजर आमच्या बाथरूमच्या छताकडे माना वर करून उभे. छत ढिम्म. तासाभराने मॅनेजर विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा, वरून काही येत नाहीये." तेवढ्यात इंटरकॉम वाजला. चार मजले खाली राहणाऱ्या, आजवर एकही तक्रार न केलेल्या आजोबांच्या देवघरामागची भिंत गुलाबी व्हायला लागली होती. त्यांना आधी तो चमत्कार वाटला. मग ते जिना चढून वर आले, आणि त्या दिवसापासून तक्रारदारांत एकाची भर पडली. विज्ञानाचा बिल्डरला असा अनुभव आल्यावर पुन्हा कोणी ती चाचणी सुचवली नाही.

काका मात्र यातून प्रसिद्धीस आले. आता ओळखीत कोणाला ताबा मिळायचा असला की आधी काकांना नेतात. काकांची हत्यारं म्हणजे एक काचेची गोटी, दहा रुपयांचं नाणं, टॉर्च, मोबाइलचा चार्जर आणि एक बादली. गोटी जमिनीवर सोडायची. बाथरूममध्ये ती जाळीकडे गेली तर उतार बरोबर, दाराकडे गेली तर जन्मभर वायपर. नाणं प्रत्येक टाइलच्या चारही कोपऱ्यांत वाजवायचं. भरीव टाइल 'टक' करते, खाली मसाला नसलेली पोकळ बोलते. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारायचा की पुट्टीखालचे सगळे खड्डे उजेडात येतात. चार्जर प्रत्येक सॉकेटला. बादली खिडकीच्या चौकटीत ओतायची, कारण सरकत्या खिडक्यांच्या रुळातली पाणी जाण्याची भोकं सिलिकॉनने बुजवून टाकण्याची एक मोठी परंपरा आपल्याकडे आहे. काका नाणं वाजवत गुडघ्यांवर सरकायला लागले की बरोबरचा सेल्सवाला मुलगा घामाघूम होतो. हेच काम पैसे घेऊन करणारे लोकही हल्ली मिळतात, थर्मल कॅमेरा वगैरे घेऊन येतात, रंगीत अहवाल देतात. काका उपम्यावर करतात.

एवढं करूनही बिल्डरच्या भात्यात एक बाण उरतो. "तुम्ही इंटेरियर केलंत ना?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. करारनाम्यात एक ओळ असते की घेणाऱ्याने स्वतः फेरफार केले आणि त्यामुळे नुकसान झालं तर जबाबदारी बिल्डरची नाही. ओळ वाजवी आहे. कोणी भिंत पाडून स्वयंपाकघर वाढवलं, बाथरूमची टाइल उखडून नवी घातली, तर बिल्डरने का भरावं? पण तिचा अर्थ कुठवर ताणता येतो याला सीमा नाही. गीझर लावलात? ड्रिल मारलं असणार. एसी? बाहेरच्या भिंतीला भोक तुम्हीच पाडलंत. माझ्या मेहुण्याला तर कल्याणला खडकपाड्यात विचारलं गेलं की कालनिर्णय कशावर लावलंय. खिळ्यावर. "मग सर, तुम्ही वॉलला टॅम्पर केलंय." मेहुणा म्हणाला, "गळती बेडरूममध्ये आहे, कालनिर्णय स्वयंपाकघरात आहे." त्यावर समोरच्याने "पाणी ट्रॅव्हल करतं सर" असं उत्तर दिलं. डोंबिवलीकराला किंवा कल्याणकराला प्रवासाबद्दल असं काही सांगितलं की तो निरुत्तर होतो. खिळ्यातून शिरून, स्वयंपाकघर ओलांडून, पॅसेजमधून बेडरूम गाठणारं पाणी आमच्यापेक्षा लवकर पोचतं याचंच त्याला कौतुक वाटलं.

तिन्ही गावांत गळणं सारखंच असलं तरी दाद मागण्याचे रिवाज वेगळे आहेत. माझी बहीण ठाण्याला, घोडबंदर रोडला. तिथे सगळं ॲपवर. तक्रार टाकली की तिकीट नंबर मिळतो, पाठोपाठ एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन येतो, ती "आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर कन्सर्न मॅम" म्हणते. संध्याकाळी ॲप सांगतं की तुमची तक्रार निवारण झाली, कृपया पाच तारे द्या. घरात कोणी आलेलं नसतं. बहीण पुन्हा तक्रार टाकते, पुन्हा नवा नंबर, पुन्हा निवारण. नोंदींत तिचं घर ठाण्यातलं सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त झालेलं घर असावं.

आमच्या डोंबिवलीत अजून माणूस भेटतो. स्थानिक बिल्डरचं ऑफिस कुठल्यातरी रस्त्याला तळमजल्यावर असतं, बाहेर देवीचा मोठा फोटो, आत एसी, आणि "शेठ आत्ताच साइटवर गेले" म्हणणारा मुलगा. शेठ सापडतात ते लग्नात, नाहीतर पाडव्याच्या स्वागतयात्रेत, फेटा बांधून. तिथे ते आपल्याला मिठी मारतात. "तुमचं काम राह्यलंय माझ्या लक्षात आहे भाऊ, सोमवारी माणूस पाठवतो." फेटा बांधलेल्या, ढोलताशाच्या आवाजात मिठी मारणाऱ्या माणसाला कलम १४ सांगता येत नाही. कोणता सोमवार, हेही विचारता येत नाही. आणि कल्याणकडे, निदान मेहुण्याच्या बाबतीत, बिल्डर म्हणजे चार भागीदार. ताबा देईपर्यंत चौघे सख्खे, ताबा दिल्यावर वेगळे. आपल्या बाजूची विंग नेमकी त्या भागीदाराकडे गेलेली असते जो आता या धंद्यात नाही.

एक गोष्ट मात्र तिन्हीकडे सारखी: व्हॉट्सॲप. आपण ओल्या भिंतीचा फोटो पाठवतो, पलीकडून अंगठा येतो. पूर्वी अक्षरशत्रू माणसाला अंगठेबहाद्दर म्हणत; आता बी. ई. सिव्हिल झालेला माणूस अंगठा उठवतो आणि त्याचा अर्थ आपल्याला लावता येत नाही. पाहिलं? मान्य? करतो? सुखी राहा?

आमच्या बेडरूमच्या भिंतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर घडलं. ओल पहिल्यांदा खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात आली. माझ्या बायकोने पेन्सिल घेतली आणि ओलीच्या कडेने रेघ मारली, बाजूला तारीख टाकली. पंधरवड्याने ओल रेघेबाहेर गेली, तिने नवी रेघ आणि नवी तारीख. आमच्या जुन्या घरात दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, तशाच या. ओल मुलांपेक्षा भराभर वाढत होती आणि खाण्याबद्दल तिचे काही नखरे नव्हते. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत हस्ताच्या पावसापर्यंत ती कपाटामागे पोचली. दर रेघेचा फोटो, त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरलेली माझी मुलगी. आमचं घर बघून कोणालाही अपहरणाचा संशय आला असता.

आणि मग, आम्ही गावी गेलेलो असताना, चावी शेजारी ठेवलेली असताना, बिल्डरची माणसं आली आणि त्यांनी काम केलं. परत आलो तर भिंत पांढरीशुभ्र. ओल गायब, पोपडे गायब, पेन्सिलच्या रेघा तारखांसकट गायब. जाळी नाही, ग्राउटिंग नाही, बाहेरून कोणी पाळणा लावलेला नाही. पुट्टीचा एक हात आणि रंगाचे दोन. टेबलावर एक फॉर्म, "काम समाधानकारक झाले", सहीसाठी फुली मारून ठेवलेली. ओल्या भिंतीला आतून रंग मारणं हा या धंद्यातला सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि तारखेने सगळ्यात सोयीचा उपाय आहे. तो पुढच्या मृगापर्यंत टिकतो, आणि तेवढ्यात एक वर्ष सरतं. बायकोने फॉर्म उचलला, "समाधानकारक" खोडलं, त्यावर "रंगकाम" लिहिलं आणि मग सही केली. मला हे सुचलं नसतं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्यानेही तिकडे नवं घर घेतलं आहे. तिकडे पहिली दोन वर्षं बांधणाऱ्याची आणि पुढे दहाव्या वर्षापर्यंत सांगाड्यासारख्या मोठ्या दोषांची विम्याची हमी असते म्हणे. ऐकून आम्ही हेव्याने गप्प झालो. मग त्यानेच सांगितलं की त्याच्या खिडकीतून पाणी येतं आणि बिल्डरचा माणूस हवामानाला दोष देतो. बरं वाटलं. साहेबाने आपल्याकडून काही तरी नेलंच म्हणायचं.

इतकं हसून झाल्यावर एक गोष्ट बाजूला काढून सांगायला हवी, कारण ती आमच्याच गावातली आहे आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण २०२२ मध्ये गाजलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. तिथल्या लोकांनी आमच्यासारखेच करार वाचले होते, नोंदणी क्रमांक पाहिला होता, बँकेचं कर्जही घेतलं होतं. आमची तक्रार भिंतीला ओल आहे ही. त्यांच्या इमारतीच्या पायाखालचा कागदच खोटा निघाला. पाच वर्षांची हमी मागायला आधी इमारत कायदेशीरपणे उभी असावी लागते, आणि ते तपासायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते घेणाऱ्यावर सोडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक दिसला म्हणजे झालं असं समजू नका. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ही तुम्हीच दिलीत का, असं विचारा.

आता ज्यांची भिंत आत्ता, हे वाचताना, ओली आहे त्यांच्यासाठी. इंजिनिअरला सांगणं, शेठला लग्नात गाठणं, ॲपवर तिकीट काढणं, अंगठा मिळवणं, यातलं काहीही करा; मन हलकं होतं. पण कायद्यातले ते तीस दिवस सुरू झाले हे उद्या दाखवायचं असेल तर करारनाम्यात बिल्डरचा जो पत्ता आणि जो ईमेल आहे, त्यावर लेखी कळवा. ईमेल पाठवा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा, पोच जपून ठेवा. पत्रात "घर गळतंय" एवढंच लिहू नका. कोणती खोली, कोणती भिंत, कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसलं, सोबत फोटो. एकट्याने लिहिण्यापेक्षा त्याच रेषेतल्या वरच्या-खालच्या घरांनीही लिहिलं तर "तुम्ही खिळा ठोकलात" हे उत्तर आपोआप गळून पडतं, कारण सगळ्या मजल्यांवर एकाच जागी कोणी कालनिर्णय लावत नाही. ताबा घेतानाच्या कागदावर "घर सुस्थितीत मिळाले" अशी छापील ओळ असेल तर सही करण्याआधी तिच्याखाली आपली यादी हाताने लिहा. सेल्सवाला मुलगा "सर, यात लिहायची पद्धत नाही" म्हणेल. त्याला काकांकडे पाठवा.

तीस दिवसांत काही झालं नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिची फी पाच हजार रुपये. सामोपचाराचा रस्ता हवा असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे. तिथे बिल्डरांचे आणि ग्राहकांचे प्रतिनिधी समोरासमोर बसवून मिटवायचा प्रयत्न करतात. आमच्या इमारतीचं पत्र या जुलैत गेलं, सोळा घरांच्या सह्यांनी, त्या गुलाबी भिंतीच्या आजोबांची सही सर्वांत वर. पत्र मिळाल्यावर आठवड्याभरात पश्चिमेच्या बाजूला पाळणा लागला. भोकं बुजवताहेत. काका खाली खुर्ची टाकून बसलेत आणि मोजताहेत.

तुमच्या ताबापत्रावर कोणती तारीख आहे ते आज काढून बघा. पाच वर्षं त्या तारखेपासून मोजतात, वास्तुशांतीपासून नाही. आणि पत्र लिहायचं असेल तर दिवाळीची वाट बघू नका. भिंत ओली आहे तोवर लिहा.